दोन मार्कांचा नाग

कूलरची मोटर चालू होती, पंखाही चालू होता, पण गवतावर पाण्याचा थेंब चढत नव्हता. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी असं झालं की घरातली माणसं आधी बोलायची थांबतात, आणि पुन्हा बोलू लागतात ते भांडण असतं. विमलबाईंनी पदरानं मान पुसली.

"पंपात कचरा अडकला असेल. पाहता का जरा? आणि आधी बटण बंद करा. मागच्या वर्षी शॉक लागला होता."

"तो शॉक नव्हता. सौम्य विद्युतस्पर्श होता," असं म्हणत चिंतामण पाठक मागच्या अंगणात गेले.

पाठक सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उभा जन्म वऱ्हाडात गेला तरी सर घरीदारी पुस्तकातलंच मराठी बोलत. फार राग आला किंवा फार माया दाटली तरच आतला वऱ्हाडी माणूस बाहेर यायचा, आणि या दोन्ही गोष्टी सर होता होईल तो टाळत. मार्कांच्या बाबतीत त्यांची जिल्हाभर कीर्ती होती. चुकीच्या उत्तराला त्यांनी कधी अर्धा मार्क दिला नव्हता. पोरं म्हणायची, यमाशी घासाघीस करता येईल, पाठक सरांशी नाही.

तर या सरांनी कूलरच्या टाकीत गप्पी मासे सोडले होते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले आणि ड्रमांत डासांची पैदास. मलेरियावाले मासे वाटून गेले तेव्हा लोकांनी ते ड्रमात सोडले. सरांनी विचार केला, कूलरमध्येही पाणीच असतं. पंपानं मासे ओढू नयेत म्हणून त्यांनी त्याला विमलबाईंच्या जुन्या साडीचं फडकं बांधलं. डास गेले आणि मासे वाढले. मासे वाढल्याचं बेडकांना कळलं, आणि बेडूक जमल्याचं कंपाउंडमागच्या नाल्यात आणखी कुणाला तरी कळलं. अन्नसाखळीचा हा धडा सरांनी फळ्यावर बाण काढून काढून शिकवला होता. तो आपल्याच कूलरमध्ये इतक्या शिस्तीत चालू असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

सरांनी कूलरची मागची बाजू उघडली, टाकीत हात घातला आणि फडकं चाचपलं. फडकं हाताला लागलं, पण ते जरा खरबरीत होतं आणि जरा जास्तच भरीव. मग अंगठ्यात सणकून कळ गेली.

"लागला ना शॉक?" विमलबाई आतून म्हणाल्या.

सरांनी हात वर ओढला तर अंगठ्याला लटकून एक हातभर लांबीचा साप वर आला. त्यानं अंगठा सोडला, टाकीच्या काठावर पडला, मान चपटी केली आणि फुस्स करत सरांसमोर उभा राहिला. पिवळसर अंगावर पटासारखे काळे चौकोन होते. डोळ्याखालून ओठांकडे उतरलेल्या दोन काळ्या रेघा होत्या. प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या बरणीत सरांनी हा साप नोकरीभर पाहिला होता, पण तो पांढराफटक आणि निमूट. जिवंत, रागावलेला आणि इतका देखणा ते पहिल्यांदाच पाहत होते. ते अंगठ्याचं दुखणं विसरले.

"विमल, लवकर ये. पाणदिवड. जिवंत आहे."

विमलबाई चहाची गाळणी घेऊन तशाच बाहेर आल्या. त्यांना समोर फणा दिसला आणि नवऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळलेलं रक्त दिसलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सरांच्या बनियनला धरून त्यांना घरात ओढलं, दार लावलं आणि खिडकीतून शेजारी हाक मारली, "इंगळे भाऊजी, यांना नाग चावला."

मोतीराम इंगळे वीज मंडळातून निवृत्त झालेले, भिंतीला भिंत लागून राहणारे. जगातल्या प्रत्येक अडचणीचा कुठेतरी एक फ्यूज असतो आणि तो वेळेवर काढला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ते काठी घेऊनच आले.

"सर, बसा खाली. हालू नका. कोणता होता?"

"पाणदिवड. तुम्ही ढोंड्या म्हणता तो. बिनविषारी आहे, इंगळे. बेडूक आणि मासे खाते. घाबरली की मान चपटी करते, म्हणून लोकांना नाग वाटतो."

मोतीरामनी विमलबाईंकडे पाहिलं. "बरळून राहिले. चढून राहिलं वाटते."

"अहो, ही खूण पाहा. नाग चावला तर दोन दातांच्या खुणा दिसतात. इथे बारीक दातांची अख्खी रांग आहे."

"तेच तं म्हन्तो मी. नाग दोन दात लावते. यानं तं बत्तीशी लावली. किती इख गेलं असन."

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "घाम पाहा वहिनी कसा सुटला," मोतीराम म्हणाले. सरांनी कूलर बंद असल्याकडे लक्ष वेधलं. ते कुणी मनावर घेतलं नाही. सरांनी पाणी मागितलं, तर घशाला कोरड पडली असं ठरलं. रोजच्या वामकुक्षीची वेळ झाली होती म्हणून त्यांना एक जांभई आली, तेव्हा मोतीराम खांद्याला धरून त्यांना हलवू लागले. "झोपू देऊ नका, वहिनी. झोपला का माणूस गेला." या सगळ्याचं सरांना हसू आलं. हसू आल्यावर तर विमलबाईंच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

मोतीराम काठी घेऊन अंगणाकडे निघाले तसे सर दारात आडवे उभे राहिले. "तिला मारायचं नाही. तुम्ही शब्द दिल्याशिवाय मी दवाखान्यात येणार नाही." मोतीरामनी शब्द दिला, कूलरच्या टाकीवर फळी टाकली, फळीवर पाटा ठेवला आणि कोपऱ्यावरच्या ललितला ऑटो घेऊन बोलावलं.

ललित हा सरांचा जुना विद्यार्थी. आता त्याचे स्वतःचे दोन ऑटो होते आणि श्रावणात निघणाऱ्या एका कावड मंडळाचा तो अध्यक्ष होता. पूर्णा नदीचं पाणी गांधीग्रामहून कावडीनं आणून ग्रामदैवत राजेश्वर महादेवाला वाहायचं, ही अकोल्याची रीत. त्या एका रात्रीसाठी ललित वर्षभर झटत असे. ऑटो रेल्वे पुलाखाली गर्दीत अडकला तेव्हा त्यानं आरशात पाहून विचारलं, "सर, फण काढला होता?"

"मान चपटी केली होती. पाणदिवड होती ती."

"बारावीच्या प्रॅक्टिकलले तुमी बरणीतला साप ओळखाले लावला होता. मी नाग लिहिलं. तुमी शून्य दिलं. अन् दोनच मार्कानं गेलो मी, सर."

"ती पाणदिवडच होती, ललित. डोळ्याखाली दोन काळ्या रेघा होत्या. मी वर्गात तीनदा सांगितलं होतं."

"हो सर," ललित म्हणाला. "पहा आता, चावला नं."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अंगठा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर दिसतंय. पण साप आम्ही पाहिलेला नाही. उद्यापर्यंत इथेच राहा, आम्ही लक्ष ठेवतो." ही पद्धत शास्त्राला धरून असल्यामुळे सरांना पटली. धनुर्वाताचं एक इंजेक्शन घेऊन ते पंख्याखाली गाढ झोपले. बाहेर कॉलनीतली मंडळी जमली होती. आतून आलेल्या माणसानं सांगितलं की सर डोळे मिटून पडले आहेत. ते ऐकून विमलबाई एका खांबाला टेकल्या, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सर धडधाकट घरी आले आणि आधी कूलरकडे धावले. फळी जागेवर होती, पाटाही जागेवर होता, पण गवताच्या फाटक्या कोपऱ्यातून पाणदिवड केव्हाच निघून गेली होती. जाताना तिनं गप्पी मासेही शिल्लक ठेवले नव्हते. सरांचा एकुलता एक साक्षीदार फरार झाला. कूलरच्या कपाळावर मात्र हळदीकुंकवाची पाच बोटं उठली होती आणि वर लाह्या-फुलं वाहिलेली होती.

"हे कुणी केलं?"

"केलं असेल कुणी. बाया येऊन गेल्या," विमलबाई भलतीकडे पाहत म्हणाल्या. "पण आता यंदा हा कूलर लावायचा नाही. देवाची जागा झाली ती."

"विमल, बाहेर शेहेचाळीस तापमान आहे."

"असू द्या. आणि आणखी एक. मी नवस बोलले आहे. श्रावणात तुम्ही अनवाणी जाऊन पूर्णेचं पाणी कावडीनं आणायचं आणि राजेश्वराला वाहायचं."

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी मुद्देसूद उत्तर दिलं. नवस विष उतरावं म्हणून बोलतात. इथे विष नव्हतंच. जे चढलंच नाही ते उतरलं, असं म्हणता येत नाही. म्हणून नवस लागू होत नाही. विमलबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ते तुम्ही आणि राजेश्वर पाहून घ्या. मी बोलून बसले."

मोतीरामचा नवसावर विश्वास नव्हता. "देवबिव काही नाही, वहिनी. डॉक्टरनं वाचवलं. असं जालीम इंजेक्शन देल्लं का इख जागच्या जागी थंड."

"धनुर्वाताचं होतं ते," सर म्हणाले.

"काईचंही असो. लागू पडलं नं?"

देवानं वाचवलं की डॉक्टरांनी, यावर दोन्ही घरांत महिनाभर वाद रंगला. वाचवण्यासारखं काही झालंच नव्हतं, या तिसऱ्या मताकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरचा कूलर देवाचा झाल्यामुळे सरांना दुपारी मोतीरामच्या कूलरसमोर जाऊन बसावं लागे. गार हवा फुकट होती, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला मोतीराम नागाची गोष्ट सांगत आणि ती सरांना ऐकावी लागे. पहिल्या आठवड्यात साप हातभर होता. मृगापर्यंत तो कमरेला आला आणि जुलैत दाराच्या कडीला लागला. सर दरवेळी ऐकणाऱ्याला धरून बसवत आणि पाणदिवडीची सगळी माहिती देत. चौकोन, रेघा, बेडूक, मासे, एका वेळी घातलेली ढीगभर अंडी आणि विषाचा एक थेंब नाही. माणसं मान डोलावत. जाताना दारात मोतीरामना हळूच विचारत, "तेव्हापासून असेच आहेत का?"

एकदा मात्र सरांचं बोलणं एका माणसानं मनापासून ऐकलं. मोतीरामचे व्याही पुंजाजी बाळापूरहून आले होते. त्यांच्या विहिरीत एक साप राहत होता. सरांनी रंग विचारला, चौकोन विचारले, रेघा विचारल्या. पुंजाजींनी सगळ्याला हो म्हटलं. सरांचा चेहरा उजळला.

"पाणदिवड. शंभर टक्के पाणदिवड. अहो, तिच्यात विष नावालाही नसतं."

"पक्कं नं सर? नाग नाही नं?"

"नाग मुळीच नाही."

पुंजाजी हात जोडून गेले. सर त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. आठ दिवसांनी मोतीरामनी सहज सांगितलं, "इवायानं तुमचे लय आभार मानले, सर. दोन वर्सापासून नाग समजून हात लावत नोते. देवाचं जनावर, मारलं तं पाप. तुमी ढोंड्या हाय म्हून सांगतलं, मंग काय. ठेचला त्याच दिवशी."

सर उठून घरी आले. त्या संध्याकाळी विमलबाईंनी दोनदा जेवायला बोलावलं, तर म्हणाले, भूक नाही. फार वेळानं एवढंच बोलले, "मी बरोबर उत्तर दिलं होतं, विमल." विमलबाईंनी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या.

श्रावण लागला. सरांनी नवसाविरुद्ध शेवटचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, पाठक सर पांढरा सदरा घालून अनवाणी गांधीग्रामच्या घाटावर उभे होते. खांद्यावर ललितनं खास त्यांच्यासाठी बांधलेली छोटी कावड होती, वेळूच्या दोन टोकांना दोन तांब्याचे लोटे. विमलबाई मंडळाच्या बायांबरोबर आल्या होत्या. मोतीराम आपण श्रद्धेनं नाही तर शेजारधर्मानं आलो आहोत असं सगळ्यांना सांगत होते, आणि सरांच्या चपला त्यांच्या स्कूटरच्या डिकीत होत्या.

पूर्णा गढूळ, भरून वाहत होती. सर लोटा बुडवायला वाकले तोच बाजूच्या पायरीवर कुणीतरी ओरडलं. पायरीला लागून, उथळ पाण्यात, एक साप तोंडात मासा धरून बसला होता. गर्दी पाहून त्यानं मासा टाकला, मान चपटी केली आणि फुस्स केलं. पोरं मागे सरली. मग दोघांनी दगड उचलले आणि एकानं कावडीचा जाडजूड वेळू.

"थांबा रे," ललित पुढे आला. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला, वाकून नीट पाहू लागला, आणि त्याचा चेहरा फुलून आला. "सर, इकडे या. पाहा. अंगावर चौकोन. डोळ्याखाली दोन काळ्या रेघा. पाणदिवड. बरोबर नं, सर? आवंदा मी चुकलो नाही."

सरांनी पाहिलं. दोन रेघा होत्या, मे महिन्यात पाहिल्या तशाच. त्यांचा ऊर क्षणभर भरून आला. इतक्या वर्षांनी का होईना, पोरानं बरोबर ओळखलं होतं.

"ढोंड्या हाय का?" वेळूवाल्या पोरानं विचारलं. "मंग ठेचा नं लेकाले. बायाइच्या पायात येईन."

"बिनविषारी आहे ती," सर घाईनं म्हणाले. "काही करत नाही. बेडूक आणि मासे—"

"म्हून तं म्हन्तो काका, सरका जरा. नाग अस्ता तं हात लावला नस्ता." पोरानं वेळू उचलला.

सर सरकले नाहीत. त्यांनी वेळूकडे पाहिलं, सापाकडे पाहिलं, आणि ललितच्या त्या फुललेल्या तोंडाकडेही पाहिलं. त्यांना पुंजाजींची विहीर आठवली. तोंड दोनदा उघडून मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा आवाज सरांचा होता, पण भाषा सरांची नव्हती.

"चूक हाय, ललित. नाग हाय हा."

ललितचं तोंड उघडंच राहिलं. "पण सर, रेघा—"

"मले इचारतं का तू? मले चावला होता नं हा? मी वळखत नाही त्याले?" सर वेळूवाल्याकडे वळले. "उद्या सोमवार, अन् देवाच्या पाण्यात नागाले मारतं? ठेव तो वेळू खाली. पाया पडा अन् जाऊ द्या त्याले."

पोरांनी दगड टाकले. कुणीतरी "हर्र बोला महादेव" म्हटलं आणि सगळ्या घाटानं हात जोडले. मोतीरामनीही जोडले, मग लक्षात आल्यावर खिशात घातले. पाणदिवडीनं मान आवरली, टाकलेला मासा पुन्हा उचलला आणि गढूळ पाण्यात निघून गेली.

ललित सरांजवळ आला. तो काहीतरी हिशोब जुळवत होता. "सर, चौकोन, दोन रेघा, तरी नाग. म्हन्जे मंग बारावीले मी बरोबर होतो."

सर पुन्हा पाण्याकडे वाकले. "होता."

"अन् ते दोन मार्क?"

"देले," सर म्हणाले आणि लोटे भरून घेतले.

कावड निघाली. अकोला पंधराएक किलोमीटर होतं आणि सरांचे तळवे पहिल्याच फर्लांगात बोलू लागले. विमलबाई बायांची रांग सोडून त्यांच्या बाजूनं चालायला आल्या.

"दोन रेघा होत्या ना हो तिच्या डोळ्याखाली?" विमलबाई हळूच म्हणाल्या.

सर थबकले. लोट्यातलं पाणी हिंदकळलं. "तुले दिसल्या?"

"कूलरवर बसली होती तेव्हाही दिसल्या होत्या. चाळीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकते आहे मी. मला नाही कळणार?"

"मंग हा नवस काहून बोलली तू? इख नव्हतं हे तुले माहीत होतं."

"मी देवाला विषाचं म्हटलंच नाही. तुमचा हात रक्तानं भरलेला पाहिला तेव्हा रेघा दिसूनही तोंडून नागच निघाला, आणि दवाखान्यात तर तुम्ही डोळे मिटून पडलात असं ऐकलं. मी म्हटलं, यांना घरी येऊ दे. आलात ना?"

सरांनी कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. थोडं पुढे गेल्यावर मात्र त्यांच्यातला शिक्षक पुन्हा जागा झाला.

"विमल, म्हणजे कूलरमध्ये नाग नाही, देव नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते हळदीकुंकू कुणी लावलं होतं?"

"मी."

"मी दोन महिने इंगळेंच्या घरी बसून ती गोष्ट ऐकली. काहून नाही लावू दिला कूलर?"

विमलबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "लावू दिला असता, तर तुम्ही पुन्हा त्यात मासे सोडले असते," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा हात घातला असता."

सरांनी कावड सावरली. उत्तर बरोबर होतं.